दमदार गाडीसाठी परवडणारे ऑल-सीझन टायर: पहिल्यांदाच निवडणाऱ्यांसाठी

जोरदार इंजिन, कडक सस्पेन्शन आणि रुंद चाकं असलेली गाडी हातात आली की काही काळातच टायरचा खर्च समोर उभा राहतो. अशा गाड्या कारखान्यातून बहुतेक वेळा मऊ रबराच्या समर, म्हणजे उन्हाळी, टायरवर येतात. ते कोरड्या रस्त्यावर अप्रतिम चालतात, पण लवकर झिजतात आणि थंडीत आखडतात. तोच सेट पुन्हा टाकायचा म्हटलं तर आकडा ऐकून भलेभले विचारात पडतात. मग कुणी डोळे मिटून तेच महाग टायर घेतं, कुणी त्या मापात जो सर्वांत स्वस्त मिळेल तो टाकून मोकळं होतं. मधली वाट, म्हणजे बाराही महिने चालणारा परवडणारा ऑल-सीझन टायर, चांगली आहे, आणि ती सापडायला टायरमधलं तज्ज्ञ असावं लागत नाही. काही गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे वाचवायला जागा पुष्कळ आहेत: नाव, माप, कोपऱ्यातली धार, थोडासा आवाज. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग मात्र त्या यादीत येत नाही. दोन सारख्या गाड्या ताशी १०० किमी वेगाने शेजारी-शेजारी धावताहेत आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला, असं समजा. पहिली ४० मीटरवर थांबली, दुसरीला ४८ मीटर लागले. फरक आठ मीटरांचा, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीपेक्षाही कमी. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली त्याच रेषेवर दुसरी अजून ताशी सुमारे ४० किमी वेगाने पुढे चाललेली असते. कारण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं आणि बराचसा वेग अगदी शेवटच्या काही मीटरांत उतरतो. टायरच्या तुलनेत पाच-आठ मीटरांचा फरक वाचला की हा ४० चा आकडा आठवायचा.

पायरी १: आधी गाडी नीट वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, किंवा काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने ठरवलेलं टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. गाडी सेकंड-हँड असेल तर सध्या चाकावर जे आहे त्यावर विसंबू नका. आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं. स्टिकर आणि गाडीसोबतचं पुस्तक, हे दोनच खरे धरा.

समजा स्टिकरवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू असं आहे. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिमी. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. चुका होतात त्या पुढच्या दोन गोष्टींत. ९१ हा वजन पेलण्याचा निर्देशांक आहे: एक टायर ६१५ किलो पेलतो. ९४ असेल तर ६७० किलो. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३०० किमी.

स्वस्त टायर शोधताना याच जागी हळूच खालचं अक्षर किंवा खालचा आकडा पुढे केला जातो. ‘एवढ्या वेगाने कोण चालवतं?’ हा युक्तिवाद ऐकायला ठीक वाटतो, पण वेगाचं अक्षर उष्णता सोसण्याच्या ताकदीशी आणि टायरच्या एकंदर बांधणीशी जोडलेलं असतं. वरच्या दर्जाचा टायर साधारणपणे उच्च वेगात आणि वळणात जास्त ताठ राहतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका. वर जायला हरकत नाही. जड गाडी असेल, विशेषतः बॅटरीवर चालणारी, तर एक्सएल किंवा एचएल अशी जास्त वजनाची खूण लागते का, तेही बघून घ्या.

दोन प्रकारच्या गाड्यांच्या मालकांनी इथे थोडं जास्त थांबायला हवं. पहिला प्रकार म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर असलेली गाडी. अशा गाडीत पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत, त्यामुळे झीज सारखी करण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय ऑल-सीझन प्रकारात एकाच मॉडेलमध्ये दोन्ही मापं मिळतीलच असं नाही. एखादं मॉडेल मनात भरण्याआधी दोन्ही मापांत ते आहे ना, एवढं तपासा. पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा टायर टाकून भागवणं अशा गाडीत अजिबात करू नये. तिचं संतुलन दोन्ही अॅक्सलची पकड सारख्या स्वभावाची असेल हे धरूनच बसवलेलं असतं.

दुसरा प्रकार ऑल-व्हील-ड्राइव्हचा. चारही चाकांचा परीघ जवळजवळ सारखा लागतो, नाही तर ड्राइव्हलाइनमधले, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे, भाग सतत एकमेकांशी झगडत राहतात आणि तापतात. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ती मर्यादा बऱ्याचदा फार कडक असते. म्हणून अशा गाडीत एकच टायर फाटला तरी अनेकदा चारही बदलायची वेळ येते. बजेट आखताना हे गृहीत धरा.

पायरी २: जुने टायर टाकून देण्याआधी त्यांच्याकडे बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नवा सेट वर्षभरात खराब होण्याचं मुख्य कारण तिथेच असतं. जुना टायर गाडीची प्रकृती सांगत असतो.

गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे पुढच्या टायरचा पृष्ठभाग दिसेल. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. फक्त आतली कड गेली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाक वरून आत झुकलेलं असणं) जास्त आहे किंवा टो (चाकं सरळ पुढे न बघता आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला आहे. दमदार गाड्यांत वळणातल्या पकडीसाठी चाकं वरून थोडी आत झुकवलेली असतात, त्यामुळे आतली कड थोडी जास्त झिजणं अपेक्षित असतं. बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून तारा उघड्या पडलेल्या असतात, असंही होतं. म्हणून नुसतं बाहेरून बघून समाधान मानू नका.

आता तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी बोटांना लागली, तर टो चुकलेला आहे. टायर प्रत्येक फेरीत किंचित आडवा घासला जातोय. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट हाताला लगेच कळते. असं आढळलं तर नवे टायर टाकताना अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायचीच आहे हे पक्कं समजा, आणि त्याआधी सस्पेन्शनचे बुश व बॉल जॉइंट ढिले नाहीत ना हे बघून घ्या. ढिल्या भागांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

पायरी ३: हवामान जसं आहे तसं मांडा

सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे, म्हणून इथे घाई नको.

रबराचा स्वभाव तापमानावर बदलतो. समर टायरचं मिश्रण उष्णतेत चिवट राहावं म्हणून बनवलेलं असतं, आणि साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही, म्हणून पकड जाते. गोठणबिंदूच्या खाली तर काही अति-मऊ समर टायर चालवू नका, हलवूही नका, असा इशारा कंपन्याच देतात, कारण ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. याउलट विंटर टायर थंडीत लवचिक राहतो, पण उन्हाळ्यात वळणावर ढेपाळतो आणि भराभर झिजतो.

ऑल-सीझन टायर या दोघांच्या मधला. रबरात सिलिका मिसळण्याचं तंत्र १९९० च्या दशकात रुळलं आणि या मधल्या टायरचं नशीब पालटलं. सिलिकामुळे रबर थंडीत लवचिक राहतं, ओल्यात चांगलं पकडतं आणि तरी फार अडखळत फिरत नाही. ऑल-सीझन ही कल्पना त्याहून जुनी. गुडइयरचा टिएम्पो १९७७ मध्ये आला तेव्हापासून हा प्रकार लोकांना माहीत आहे. पण वेगवान गाडीला शोभेल असा ऑल-सीझन टायर ही बरीच अलीकडची गोष्ट आहे.

या प्रकारातही दोन गट पडतात आणि विकत घेताना त्यांची सरमिसळ होते. पहिल्या गटाला व्यापारात अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन म्हणतात. नक्षी समर टायरच्या जवळची, खांद्याचे ठोकळे मोठे, स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद. पाऊस, गारठा आणि क्वचित पडणारा भुरभुर बर्फ यांना तो पुरतो. दुसरा गट ऑल-वेदर. यात नक्षी बहुधा व्ही आकाराची, बारीक चिरा भरपूर, आणि साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण. मिशेलिनचा २०१५ मध्ये आलेला क्रॉसक्लायमेट या गटातला सर्वपरिचित टायर.

ती डोंगर-हिमकणाची खूण महत्त्वाची का? दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा जास्त पकड चाचणीत दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे चाचणीची सक्ती नाही. काही देशांत कायद्यानेही हा फरक मानला आहे. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत फक्त हिमकणाची खूण असलेले टायर ग्राह्य धरले जातात. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला नियम एकदा बघा. आणि हेही लक्षात असू द्या की ही खूण दाबलेल्या बर्फापुरती आहे. काचेसारख्या गोठलेल्या थरावरच्या पकडीबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग निवड कशी करायची? वर्षातल्या सर्वांत वाईट सकाळी तापमान किती असतं आणि त्या सकाळी तुम्हाला गाडी काढावीच लागते का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. बर्फात गाडी काढणं टळत नसेल तर ऑल-वेदर घ्या आणि स्टिअरिंगची थोडी धार गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. बर्फ क्वचितच, पण थंडी आणि पाऊस नेहमीचा असेल तर पहिला गट तुमच्यासाठी. आणि थंडी पडतच नसेल, पारा ७ अंशांच्या आसपासही येत नसेल, तर ऑल-सीझन घेण्याचं कारणच उरत नाही. उष्ण हवेत चांगला समर टायर कोरड्यात आणि मुसळधार पावसातही ऑल-सीझनपेक्षा लवकर थांबतो. तेव्हा मध्यम किमतीचा, जरा टिकाऊ मिश्रणाचा समर टायर शोधा. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यालाही तशाच लागू होतात.

पायरी ४: रिम लहान करता येते का बघा

पैसे वाचवण्याचा माझा सर्वांत आवडता मार्ग हाच. अनेक दमदार गाड्यांना १९ इंची चाकं असतात ती मुख्यतः दिसण्यासाठी. त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीला १७ किंवा १८ इंची चाकं असतात. रिम लहान झाली की त्या मापाचे टायर सहसा स्वस्त मिळतात, निवड वाढते, साइडवॉल उंच होते, खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका कमी होतो आणि गाडी मऊ बसते. चाक हलकं मिळालं तर वेग घेतानाही फायदा.

मात्र एकूण व्यास जवळजवळ तोच राहायला हवा, नाही तर स्पीडोमीटर, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांची गणितं बिघडतात. हिशेब सोपा आहे. २२५/४० आर १८ चा व्यास: २२५ चे ४० टक्के म्हणजे ९०, दोन बाजूंचे १८०, अधिक १८ इंचांचे ४५७.२, एकूण ६३७.२ मिमी. २२५/४५ आर १७ चा व्यास: १०१.२५ दुणे २०२.५, अधिक ४३१.८, एकूण ६३४.३ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे ही अदलाबदल व्यासाच्या बाबतीत अगदी निर्धास्त.

अडचण ब्रेकची असते. दमदार गाडीचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारे भाग) मोठे असतात आणि लहान रिमच्या आत ते बसले पाहिजेत. रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते), मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टची आखणी जुळली पाहिजे. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच इंजिन-ब्रेकच्या गाडीला कंपनीने जे लहान चाक मान्य केलं आहे तेच घेणं. आणि प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा असते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते ८.५ इंच आहे. अरुंद टायर ताणून रुंद रिमवर बसवण्याची फॅशन दिसते, पण त्यात साइडवॉलचं संरक्षण जातं. रस्त्यावरच्या गाडीला ते नको.

पायरी ५: लेबल वाचा, पण त्याची मर्यादा ओळखून

युरोपीय लेबल सर्वांत उपयोगी. १ मे २०२१ पासून चालू असलेल्या नव्या स्वरूपात इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोन्हींना ए ते ई असे वर्ग आहेत, बाहेरच्या आवाजाचा डेसिबलमधला आकडा आहे, आणि बर्फासाठी लागू असेल तर वेगळी चित्रखूण. ओल्या पकडीच्या वर्गाकडे पहिलं लक्ष द्या. त्यात ए किंवा बी असेल तरच टायर पुढच्या फेरीत घ्यायचा, असा नियम मी सुचवतो. इंधन बचतीत सी असला तर चालेल. एकाच टायरच्या वेगवेगळ्या मापांचे वर्ग वेगळे असतात, म्हणून लेबल तुमच्याच मापाचं बघा.

अमेरिकी पद्धतीत साइडवॉलवर तीन गोष्टी कोरलेल्या असतात: ट्रेडवेअरचा (टायर झीज किती सोसतो याचा) आकडा, ट्रॅक्शनचं (पकडीचं) अक्षर आणि तापमानाचं अक्षर. ट्रेडवेअर २०० चा टायर अति-मऊ, जवळजवळ ट्रॅकच्या वळणाचा. ३०० च्या आसपास तगडे समर टायर. दमदार गाड्यांचे ऑल-सीझन बहुधा ४०० ते ५६० या पट्ट्यात. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, तोही सुमारे ११,६०० किमीच्या चाचणीत किती झीज झाली यावरून पुढचा अंदाज बांधून. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना त्यावर करता येते, दोन कंपन्यांची करताना सावध राहावं. ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेलं असतं, वळणातली पकड त्यात येत नाही.

या दोन्ही लेबलांत एक मोठी उणीव आहे. आकडे नव्या टायरचे असतात. नव्या टायरला साधारण ८ मिमी खोल नक्षी असते. ३ मिमीच्या खाली गेल्यावर पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने घटते आणि १.६ मिमी ही अनेक देशांतली कायदेशीर किमान खोली आहे. म्हणजे टायरच्या आयुष्याचा मोठा भाग लेबल सांगत नाही अशा अवस्थेत जातो. रुंद टायर पाण्यावर तरंगायला अरुंदपेक्षा आधी सुरुवात करतो, त्यामुळे आपल्यासारख्यांना ही बाब जास्त लागू पडते.

पायरी ६: यादी करा आणि चाळणी लावा

आता दोन-तीन मॉडेलवर यायचं. बाजारात साधारण तीन थर दिसतात. वरचा थर नावाजलेल्या मोठ्या कंपन्यांच्या मुख्य मॉडेलचा. खालचा थर अशा नावांचा, ज्यांची चाचणी कुणी प्रसिद्ध केलेली सापडतच नाही. मधला थर तुमचा. मोठ्या कंपन्यांची दुसरी नावं इथे भेटतात: कॉन्टिनेन्टलची जनरल, मिशेलिनची बीएफगुडरिच, ब्रिजस्टोनची फायरस्टोन, हॅनकूकची लाउफेन, सुमितोमोची फाल्केन, अपोलोची फ्रेडेस्टाइन. शिवाय कुम्हो, योकोहामा, हॅनकूक यांची स्वतःची मॉडेलं. सगळीच मॉडेलं चांगली असतील असं अजिबात नाही, पण अभियांत्रिकी आणि चाचणीची व्यवस्था मागे उभी असते.

चाचण्या कुणाच्या बघायच्या? जर्मनीतली एडीएसी ही मोटार संघटना दरवर्षी ऑल-सीझन टायर तपासते, आणि अमेरिकेतलं टायर विकणारं टायर रॅक स्वतःच्या ट्रॅकवर तुलना करून आकडे प्रसिद्ध करतं. एकूण क्रमांक बघून थांबू नका. तक्ता उघडा, ओल्यातलं ब्रेकिंग आणि ओल्यातली वळणातली पकड हे दोन रकाने बघा, मग पाण्यावर तरंगण्याचा रकाना, मग झीज. आवाज आणि आराम शेवटी. चाचणीचं माप तुमच्या मापाच्या जवळचं असेल तर जास्त भरवसा ठेवा. छोट्या कौटुंबिक गाडीच्या मापातला विजेता तुमच्या मापात तितका चांगला असेलच असं नाही. ग्राहकांची मतं वाचायची तर वीस-तीस हजार किमी चालवलेल्यांची वाचा. नव्या टायरवर पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात.

किमतीची तुलना करताना दर किलोमीटरचा हिशेब मांडा. एक टायर २५ टक्के महाग आहे पण ६० टक्के जास्त चालतो, तर दर किलोमीटरला तो सुमारे २२ टक्क्यांनी स्वस्त पडला. बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचा खर्च प्रत्येक सेटमागे येतो, तो धरला तर टिकाऊ टायरची बाजू आणखी भक्कम होते. काही कंपन्या किलोमीटरची वॉरंटी देतात. त्यात चाकांच्या जागा बदलल्याच्या नोंदी मागितल्या जातात, म्हणून पावत्या जपून ठेवा.

गाडीच्या कंपनीसाठी खास बनवलेल्या टायरवर छोटी खूण असते: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, पोर्शसाठी एन आणि पुढे अंक. वॉरंटीतल्या गाडीला ती खूण असलेला टायर घेणं समजू शकतं. बाकीच्यांनी त्या खुणेसाठी जास्त पैसे मोजलेच पाहिजेत असं मला वाटत नाही, माप आणि दोन्ही निर्देशांक जुळले म्हणजे झालं. रन-फ्लॅटवरून (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरवरून) साध्या टायरवर यायचं असेल तर येता येतं, टायर स्वस्त पडतात आणि गाडी मऊ होते. फक्त अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, त्यामुळे पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत आधी ठेवा.

वापरलेले टायर घेऊ नका. आतून झालेली इजा बाहेरून दिसत नाही, आणि वेगवान गाडीत ती जोखीम पत्करण्याजोगी नाही.

पायरी ७: दुकानात

टायर रिमवर चढण्याआधी त्याची जन्मतारीख बघा. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पूर्ण तारीख अनेकदा एकाच बाजूला असते, त्यामुळे टायर उलटून बघावा लागतो. नीट साठवलेला वर्षभराचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर घासाघीस करून मिळत असला तरी मी घेणार नाही, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. चारही टायरच्या तारखा जवळपासच्या असाव्यात.

चारच्या चार बदलणं उत्तम. दोनच बदलायचे असतील आणि गाडीला ते चालत असेल, तर नवे टायर मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. लोक याच्या उलट करतात. ओल्या वळणात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला लागते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि नवख्या चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. जोरदार इंजिन असेल तर आणखीच कठीण.

बसवताना उभे राहून बघा. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू लिहिलेली असते. घाईत एखादा उलटा बसतो. हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर टायर काढताना त्याच्या जागेपासून सुरुवात करू नका असं सांगा. नसेल तर रबरी व्हॉल्व्ह नवे घाला, त्यात कंजुषी नको. बॅलन्सिंग झाल्यावर अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा व नंतरचा छापील तक्ता मागून घ्या. पायरी २ मध्ये हाताला जे जाणवलं होतं ते त्या तक्त्यात टोच्या आकड्यात दिसतं. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा. हवेच्या बंदुकीने कचकचून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर निघत नाहीत.

पायरी ८: टायर टाकल्यानंतर

पहिले काहीशे किलोमीटर सबुरीने चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर पृष्ठभागावर असतो, तो घासला गेल्याशिवाय खरी पकड मिळत नाही. साधारण ८० ते १०० किमीनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा. समर टायरवरून आलेल्यांना स्टिअरिंग किंचित मऊ, उशिरा उत्तर देणारं वाटेल. नव्या नक्षीचे उंच ठोकळे थोडे वाकतात, त्याचा हा परिणाम आहे, आणि दोन-तीन हजार किमीत तो बराच कमी होतो. या काळात हवा वाढवून धार आणण्याचा मोह आवरा.

हवा टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब भरायचा नसतो. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. ३० अंशांत ३५ पीएसआय भरलेला टायर ५ अंशांच्या सकाळी साधारण ३१ वर आलेला असतो, आणि डॅशबोर्डवर दिवा लागण्याच्या आधीच पकड व झीज दोन्ही बिघडायला लागलेली असतात. ऋतू बदलताना म्हणून आठवणीने तपासा. एरवी महिन्यातून एकदा पुरतं, लांबच्या प्रवासाआधी मात्र हमखास.

दर ८ ते १० हजार किमीला चाकांच्या जागा बदला. दमदार गाडीत इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो ती चाकं भराभर झिजतात. दिशादर्शक बाण असलेले टायर त्याच बाजूला पुढे-मागे होतात, बाकीचे आडवेही जाऊ शकतात. दर वेळी नक्षीची खोली आत, मधे आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा. खोली मोजण्याचं छोटं साधन फार स्वस्त मिळतं. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा भराभर उतरायला लागला तर पुन्हा अलाइनमेंटला जायची वेळ झाली.

काही टायर हे काम सोपं करतात. कॉन्टिनेन्टलच्या डीडब्ल्यूएस मालिकेत ही तीन अक्षरं नक्षीतच कोरलेली असतात. झीज होत गेली की आधी एस पुसला जातो, म्हणजे बर्फातला उपयोग संपला. मग डब्ल्यू जातो, म्हणजे ओल्या रस्त्यावर सावध राहायचं. बाकी टायरमध्ये खोबणीच्या तळाशी आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात, पण त्या १.६ मिमीवर. ओल्या रस्त्याच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो. तुमच्याकडे पावसाळी रस्ते असतील तर ३ मिमीला नव्या सेटची चौकशी सुरू करा, बर्फ असेल तर ४ मिमीलाच. घाई नसताना केलेल्या चौकशीत भाव चांगला मिळतो आणि हवं ते मॉडेल त्या मापात येईपर्यंत थांबताही येतं.